१०५० फुटांत कपाट कुठे उभं राहणार? पहिला फ्लॅट घेण्याआधीचं मोजमाप

सासूबाईंचं सागवानी कपाट सांगलीच्या खणभागातल्या भाड्याच्या घरातून विश्रामबागच्या नव्या फ्लॅटमध्ये आलं, ते गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी. चार फूट रुंद, दोन फूट खोल, दोन दारांचं. हमालांनी ते दुसऱ्या बेडरूममध्ये ठेवलं, समोर कॉट लावली आणि मी कपाट उघडायला गेले. दार उघडलं ते थेट कॉटला जाऊन टेकलं. उभं राहायला जागाच नाही! मग कॉटवर गुडघ्यावर बसून साड्या काढायच्या, हा उद्योग पुढे दीड वर्ष चालला.

घर घेताना आम्ही दर पाहिला, हप्ता पाहिला, शाळेचं अंतर पाहिलं, फरशी चकचकीत आहे हेसुद्धा पाहिलं. एकच गोष्ट कुणी केली नाही. टेप काढून मोजलं नाही. “१०५० फूट म्हणजे ऐसपैस की,” असं सगळेच म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली.

आता माझी नणंद फ्लॅट बघते आहे. गेल्या तीन महिन्यांत तिच्याबरोबर सांगली-मिरजेतल्या सात-आठ साइट पालथ्या घातल्या, या वेळी टेप घेऊन. पहिल्यांदाच घर घेणार असाल तर खालच्या क्रमाने जा.

सोबत काय न्याल

- पाच मीटरची स्टीलची टेप. लेझर मीटर मिळाला तर उत्तम, पण टेप हवीच. खिडकीची कड, ओट्याची खोली लेझरने नीट मापता येत नाही.
- खडू आणि जुनी वर्तमानपत्रं. कशाला, ते पुढे कळेल.
- घरातल्या मोठ्या वस्तूंची मापं लिहिलेला कागद: कॉट, कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, सोफा, जेवणाचं टेबल, देवघर.
- मोबाइलमधलं होकायंत्र.
- शक्य असेल तर बांधकामातला एखादा माणूस. आमच्याबरोबर शेजारचे गवंडीकाका आले. पहिल्याच साइटवर मला म्हणाले, “ताई, दारं मिटून मापू नका. सगळी दारं सताड उघडा, मग टेप लावा.” एवढं मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

१. “किती फूट?” असं विचारू नका, “कुठले फूट?” असं विचारा

एजंट सांगतो तो आकडा बहुतेक वेळा सेलेबल किंवा सुपर बिल्टअप असतो. त्यात तुमच्या फ्लॅटबरोबर बाहेरच्या भिंती, बाल्कनी, शिवाय जिना, लिफ्ट आणि लॉबी यांतला वाटा धरलेला असतो. हा वाटा किती धरायचा ते बिल्डर ठरवतो, म्हणून दोन स्कीममधले १०५० सारखे नसतात.

तुम्हाला हवा आहे रेरा कार्पेट एरिया. २०१६ च्या रेरा कायद्यात (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा) त्याची व्याख्या दिली आहे: वापरता येण्याजोगं निव्वळ क्षेत्र. बाहेरच्या भिंती त्यात नाहीत. डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळ्या, नाहीत. तुमच्या एकट्याच्या वापरातली बाल्कनी, व्हरांडा आणि उघडी गच्चीही नाही. पण आतल्या खोल्यांमधल्या भिंती मात्र त्यात धरलेल्या असतात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण “कार्पेट म्हणजे चटई पसरेल तेवढी जागा” ही जुनी समजूत इथे फसवते. भिंतीवर कोण चटई पसरतो?

मराठी कागदपत्रांत आणखी एक घोळ आहे. कार्पेट एरियालाही चटई क्षेत्र म्हणतात आणि एफएसआयलाही चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. कुणी “चटई क्षेत्र जास्त मिळालंय” म्हणालं तर तो तुमच्या खोलीबद्दल बोलतोय की प्लॉटवर किती बांधता येईल याबद्दल, ते विचारून घ्या.

आमच्या फ्लॅटचा हिशोब असा निघाला:

- सेलेबल: १०५० चौ. फूट
- रेरा कार्पेट: ६१.८० चौ. मीटर, म्हणजे ६६५ चौ. फूट
- बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी (धुण्या-वाळवण्याची छोटी बाल्कनी) मिळून: ८२ चौ. फूट

उरलेले ३०३ फूट बाहेरच्या भिंतींत, जिन्यात आणि लिफ्टच्या दारात. ते आपल्याला लागतात, नाही असं नाही. पण त्यात कपाट ठेवता येत नाही.

कागदावर माप चौरस मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा, चौरस फूट मिळतात.

२. साइटवर जाण्याआधी महारेराचं पान उघडा

महारेरा म्हणजे रेरा कायदा राबवणारी महाराष्ट्राची यंत्रणा. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेरा नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड देणं सक्तीचं आहे. मोबाइलने तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंद उघडते. तिथे मंजूर नकाशे, कराराचा मसुदा, ताब्याची जाहीर केलेली तारीख आणि सदनिकांचे कार्पेट एरिया बघायला मिळतात. ब्रोशरमधला आकडा आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहा. फरक असेल तर हा खरा धरा.

सांगलीत एक अडचण हमखास येते. आपल्याकडे खूप स्कीम छोट्या असतात, जुना बंगला पाडून त्या जागी सहा-आठ फ्लॅट. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच गुंठ्यांपर्यंत असेल, किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. म्हणून ती स्कीम वाईट असं मुळीच नाही. नणंदेला सगळ्यात आवडलेला फ्लॅट अशाच एका सात घरांच्या इमारतीत होता. फक्त तिथे संकेतस्थळावर काही सापडणार नाही. महानगरपालिकेने मंजूर केलेल्या नकाशाची शिक्क्यासह प्रत बिल्डरकडून मागायची आणि त्यावरून स्वतः हिशोब करायचा. “नंतर देतो” असं उत्तर आलं तर नंतरच या.

मागायची कागदपत्रं:

- मंजूर नकाशा (तुमच्या मजल्याचा, शिक्क्यासह)
- प्रारंभ प्रमाणपत्र (बांधकाम सुरू करायची परवानगी). इमारत पूर्ण असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जायची परवानगी)
- करारनाम्याचा मसुदा, जोडपत्रांसह
- कार्पेट, बाल्कनी, गच्ची यांची वेगवेगळी मापं असलेला तक्ता
- खांब आणि बीम दाखवणारा मजल्याचा नकाशा
- पार्किंगचा नकाशा

खांबांचा नकाशा मागितला की विक्री ऑफिसमधला मुलगा थोडा बावचळतो. मागाच.

३. दर कार्पेटवर काढा

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण यामुळे निर्णय फिरतो. आम्हाला दर सांगितला होता ३८०० रुपये. १०५० ने गुणून ३९ लाख ९० हजार. शेजारच्या गल्लीतल्या स्कीमचा दर होता ४२००, सेलेबल ९८० फूट, किंमत ४१ लाख १६ हजार. “चारशे रुपये जास्त!” म्हणून आम्ही ती स्कीम बघायलाही गेलो नाही.

त्या फ्लॅटचा कार्पेट ७१० फूट होता, हे आम्हाला दोन वर्षांनी तिथे राहणाऱ्या सहकारी बाईंकडून कळलं. म्हणजे त्यांना कार्पेटचा फूट पडला सुमारे ५८०० रुपयांना, आणि आम्हाला बरोबर ६००० ला. एकूण सव्वा लाख जास्त देऊन त्यांना ४५ फूट जास्त मिळाले. ४५ फूट म्हणजे एक अख्खी अभ्यासाची जागा.

इथेच जीएसटीचंही बघून घ्या. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटला, आपल्यासारख्या मेट्रो नसलेल्या शहरात, कार्पेट ९० चौरस मीटरपर्यंत आणि पार्किंगसह एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर जीएसटी १ टक्का. नाहीतर ५ टक्के. काठावरच्या किमतीत “पार्किंगचे दोन लाख वेगळे” हे वाक्य महागात पडू शकतं.

४. खोल्या स्वतः मोजा

ब्रोशरमध्ये १० × ११ लिहिलेलं असतं, ते बऱ्याचदा प्लॅस्टर होण्याआधीचं, विटेपासून विटेपर्यंतचं माप असतं. दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टरमध्ये इंचभर जातो. संडास-बाथरूममध्ये टाइल्स आणि त्यांच्या मागचा माल मिळून त्याहून जास्त. दहा फुटांच्या खोलीत इंच म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण मॉड्युलर कपाट करणारा सुतार आला की त्याच इंचावरून वाद होतात.

तयार फ्लॅट असेल तर प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी फरशीलगत एकदा आणि छातीच्या उंचीवर एकदा घ्या. भिंती ओळंब्यात नसल्या तर फरक लगेच दिसतो. कोपऱ्यात खांब पुढे आलेला असेल तर त्याच्या अलीकडचं माप धरा. आतली भिंत पातळ आणि खांब जाड, म्हणून तो चार-सहा इंच खोलीत डोकावतोच. नेमका त्या कोपऱ्यात आपण कपाट ठरवलेलं असतं. वर बघा: बीम खोलीच्या मधून जातोय का? त्याखाली उंच कपाट किंवा माळा बसत नाही, आणि पंखाही भलतीकडे जातो.

आमच्या ६६५ फुटांची फोड मी ताब्यानंतर केली, जी आधी करायला हवी होती:

- हॉल १०.५ × १८ = १८९
- स्वयंपाकघर ८ × १०.५ = ८४
- मोठी बेडरूम १०.५ × १२ = १२६
- दुसरी बेडरूम १० × ११ = ११०

चार खोल्या मिळून ५०९. दोन बाथरूम ६१-६२. पॅसेज आणि मुख्य दाराच्या आतली मोकळी जागा मिळून ५८-५९. आतल्या भिंती तिसेक. उरलेले पाच-सहा फूट दारांच्या चौकटींखाली. म्हणजे ज्याला आपण घर म्हणतो, बसायचं, झोपायचं, शिजवायचं, ते १०५० पैकी ५०९.

फ्लॅट बघताना पॅसेजकडे विशेष लक्ष द्या. साडेतीन फूट रुंद, अकरा फूट लांब बोळ म्हणजे ३८ फूट. वर दिलेल्या दराने सव्वादोन लाखांचा पॅसेज. तोच कार्पेट असलेल्या दोन फ्लॅटमधला छोट्या पॅसेजचा घ्या, डोळे झाकून.

५. दारं उघडा आणि फर्निचर “लावा”

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

आधी प्रत्येक खोलीचं साधं चित्र काढा आणि दार, खिडकी, बाल्कनीचं दार, बाथरूमचं दार यांच्या खुणा करा. मग दार उघडताना जो पाव गोल फिरतो तो खडूने फरशीवर काढा. त्या गोलात काही ठेवता येत नाही. आमच्या दुसऱ्या बेडरूममध्ये एका भिंतीला दार, दुसऱ्या भिंतीला बाथरूमचं दार, तिसरीला खिडकी. अखंड भिंत उरली एकच. आता कॉट तिथे लावायची की कपाट? दोन्ही समोरासमोर लावली, आणि १० फुटांतून कॉटचे ६ आणि कपाटाचे २ वजा जाऊन उरले २ फूट. कपाटाचं एक दार नेमकं दोन फुटांचं.

मग वर्तमानपत्रं काढा. कॉटच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर अंथरा, कपाटाच्या मापाची अंथरा. आता त्यातून चाला. कपाट उघडल्याचा अभिनय करा, वाका, कपडे काढा. हसतील लोक, हसू द्या. नणंदेच्या सासऱ्यांनी मिरजेतल्या एका साइटवर वर्तमानपत्राच्या सोफ्यावर बसून पेपर वाचून दाखवला, तेव्हा विक्री ऑफिसवालाही हसला; पण तिथे टीव्ही आणि सोफा यांच्यामधून बाल्कनीत जाण्याची वाट आहे हे त्यामुळेच कळलं. म्हणजे क्रिकेट चालू असताना कपडे वाळत घालायला जाणाऱ्याचा उद्धार ठरलेला.

चालायला दोन फूट हवेतच, कपाटासमोर तीन. यापेक्षा कमी असेल तर सरकत्या दारांचं कपाट करावं लागेल, आणि मग घरातलं जुनं कपाट कुणाला द्यायचं हेही आजच ठरवा.

आणखी दोन प्रश्न, जे कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतात. देवघर कुठे? आणि गौरी कुठे उभ्या राहणार? गौरींना मागे चार-पाच फुटांची सलग भिंत आणि पुढे आरास, फराळ, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका एवढं सगळं लागतं. ज्या हॉलच्या चारही भिंतींना दारं आणि खिडक्या आहेत तो कितीही मोठा असला तरी तिथे दरवर्षी सोफा उचलून जिन्यात ठेवावा लागतो. आमच्याकडे लागतो.

६. स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी

ओटा साधारण दोन फूट खोल असतो. आठ फूट रुंद स्वयंपाकघरात दोन्ही बाजूंना ओटा घेतला तर मध्ये चार फूट राहतात, दोन बायकांना पाठीला पाठ लावून काम करता येतं. सात फुटांत तीन राहतात आणि मग एकीने बाहेर थांबायचं. ओट्याची लांबी मोजताना सिंक आणि शेगडी वजा करा. पोळपाट ठेवायला किती उरलं ते खरं.

फ्रिजचं माप घेताना त्याचं दार उघडायलाही जागा सोडा. सिलिंडर कुठे, पिठाचा डबा कुठे, लोणच्याच्या बरण्या कुठे, एकेक विचारा. माळा आहे का आणि त्याच्यापर्यंत हात पोहोचतो का, तेही.

ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन बसतं म्हणतात. बसतं. पण पुढून दार उघडणारं मशीन असेल तर ते दार आणि तुम्ही, दोघं तिथे मावता का ते बघा. नळ आणि सांडपाण्याचं तोंड मशीनच्या मागे आलंय का, तेही.

बाल्कनी “नंतर आत घेऊन टाका, सगळे घेतात” असा सल्ला मिळेल. मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम ते बांधकामच. त्या आशेवर खोलीचं माप धरू नका.

७. सॅम्पल फ्लॅटमध्ये खुर्चीवर बसू नका, कॉट मोजा

सॅम्पल फ्लॅटमध्ये मी पाहिलेली कॉट साडेपाच फूट लांब होती. त्या कॉटवर कोण झोपतं कुणास ठाऊक. कपाट दीड फूट खोल, त्यात हँगर आडवा बसत नाही. खोल्यांना दारंच नव्हती, एका भिंतीऐवजी काच, आणि समोर मोठा आरसा. फर्निचर करून दाखवलंय ते देणार आहेत का, असं विचारलं तर उत्तर असतं, “हे फक्त आयडियासाठी, मॅडम.” मग आयडिया घेऊन बाहेर पडा आणि प्रत्यक्ष तुमच्या मजल्यावर चालू बांधकामात मोजा.

८. ऊन

दुपारी साडेतीनला जा, जमलं तर एप्रिल-मेमध्ये. सांगलीच्या उन्हाळ्यात पश्चिमेची, सावलीविना भिंत असलेली बेडरूम रात्री दहापर्यंत भट्टी असते. डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीला मी खिडकी धरत नाही.

९. पार्किंग, आणि तळमजला

उघड्या जागेतलं पार्किंग सामाईक असतं, ते विकता येत नाही. झाकलेलं पार्किंग घेत असाल तर महारेराच्या एप्रिल २०२४ च्या आदेशानुसार त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि नेमकी जागा वाटपपत्रात व करारात लिहावी लागते. तक्रारीच तशा होत्या: मध्ये खांब, वर बीम, गाडी लावली तर दार उघडत नाही. आपली गाडी घेऊन जा, खरंच त्या जागेत लावा आणि ड्रायव्हरच्या बाजूने उतरून दाखवा.

सांगलीकरांना पुढचं सांगायला नको, पण बाहेरून बदलीवर आलेल्यांसाठी सांगते. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. तेव्हा त्या गल्लीत पाणी कुठवर होतं ते बिल्डरला विचारू नका, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा. तो भिंतीवरची खूण दाखवेल. खाली “मोफत स्टोअररूम” मिळतेय आणि ती त्या खुणेखाली आहे, तर तिची किंमत शून्य धरा.

१०. पैसे देण्याआधी करारात काय शोधायचं

नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही (रेराचं कलम १३). टोकन देण्याच्या घाईत हे कुणी सांगत नाही.

करारात कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये, आणि बाल्कनी-गच्ची त्याखाली वेगळ्या ओळीत हव्यात. “१०५० चौ. फूट” असा एकच आकडा असेल तर सही करू नका. महारेराच्या नमुना करारात एक कलम आहे: बांधकाम पूर्ण झाल्यावर बिल्डरने अंतिम कार्पेट कळवायचा, फरक ३ टक्क्यांच्या आत हवा, आणि कमी भरला तर जादा घेतलेले पैसे ४५ दिवसांत व्याजासह परत. तुमच्या मसुद्यात हे कलम जसंच्या तसं आहे का बघा. ६६५ फुटांचे ३ टक्के म्हणजे २० फूट. ६००० च्या दराने एक लाख वीस हजार.

कर्ज घेत असाल तर बँकेचा मूल्यांकन करणारा फ्लॅट बघून अहवाल देतो. त्यातलं क्षेत्रफळ विचारा. सगळ्या बँका प्रत देत नाहीत, पण साहेबांना चहा पाजून आकडा तरी कळतो.

११. ताब्याच्या दिवशी

पेढे नंतर. ताबा पावतीवर सही करण्याआधी टेप काढा, चौथ्या पायरीतली मापं पुन्हा घ्या, कराराच्या जोडपत्रावरच्या आकड्यांशेजारी पेनाने लिहा आणि त्या पानाचा फोटो काढा. कमी भरलं तर तिथेच लेखी द्या आणि पोच घ्या. आमच्याकडे ताब्याला वीस माणसं, दोन लहान पोरं आणि गुरुजी होते; त्या गर्दीत मोजमाप होत नाही. म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी, दोघांनीच, सकाळच्या उजेडात जा. कपाटाचं माप लिहिलेला कागद बरोबर असू द्या.